संश्लेषण वायू आणि त्याच्या कारखान्याची आखणी



भाताच्या खाचरात पडणाऱ्या युरियाच्या दाण्याचा जन्म कोठे होतो असे विचारले, तर 'कारखान्यात' एवढे उत्तर कोणीही देईल. पण त्या दाण्याच्या कुळाचा शोध घेत मागे मागे गेले, तर आपण एका अदृश्य वायुमिश्रणापाशी येऊन पोहोचतो. युरिया अमोनियापासून तयार होतो. अमोनिया हा हायड्रोजन व नत्रवायू यांच्या संयोगाने होतो. नत्रवायू हवेत विपुल आहे, परंतु हायड्रोजन आपल्या भोवतालच्या हवेत मोकळा असा जवळजवळ मिळतच नाही. तो कशापासून तरी सोडवून घ्यावा लागतो. पाणी आणि हायड्रोकार्बन ही त्याची दोन मोठी कोठारे. ह्या दोन्ही कोठारांची कुलपे एकाच वेळी उघडणारी एक क्रिया आहे. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांचे जे मिश्रण बाहेर पडते, त्यास 'संश्लेषण वायू' असे म्हणतात. संश्लेषण म्हणजे जुळवून नवे घडविणे. ज्याच्या जुळणीतून नवे पदार्थ घडवावयाचे, तो हा वायू.

अमोनियाचे कोडे प्रथम सुटले ते जर्मनीत. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली आपल्या प्रयोगशाळेत हायड्रोजन व नत्र यांचा संयोग घडवून दाखविला आणि कार्ल बॉश यांच्या प्रयत्नांनी १९१३ साली ओप्पाऊ येथे त्याचा पहिला कारखाना सुरू झाला. त्या काळी हायड्रोजन मिळविण्यासाठी तापून लाल झालेल्या कोकवर पाण्याची वाफ सोडीत असत. आपल्या देशात १९५१ साली सुरू झालेला सिंद्रीचा प्रसिद्ध खत कारखानाही कोळशाच्याच आधारावर उभा राहिला. पुढे खनिज तेल व नैसर्गिक वायू मुबलक मिळू लागले आणि कोळशाची जागा हायड्रोकार्बनांनी घेतली. त्यांतील सर्वांत साधा हायड्रोकार्बन म्हणजे मिथेन. त्याची वाफेशी होणारी क्रिया फळ्यावर एका ओळीत मावते :

मिथेन १ भाग + पाण्याची वाफ १ भाग → कार्बन मोनॉक्साइड १ भाग + हायड्रोजन ३ भाग

वजनाने पाहिले तर १६ किलो मिथेन आणि १८ किलो वाफ यांपासून २८ किलो कार्बन मोनॉक्साइड व ६ किलो हायड्रोजन मिळतो. दोन्ही बाजूंची बेरीज ३४. त्या ६ किलो हायड्रोजनापैकी ४ किलो मिथेनातून आलेला असतो आणि २ किलो पाण्यातून.

ओळ बरोबर आहे, हिशेबही चोख आहे. परंतु ही क्रिया किती उष्णतेवर, किती दाबाखाली, कोणत्या भांड्यात आणि किती वेळात घडेल, याविषयी ती ओळ एक अक्षरही सांगत नाही. प्रक्रियेची आखणी करणाऱ्या अभियंत्याचे सारे काम त्या न लिहिलेल्या भागात असते. आणि तेथील गंमत अशी की, एक प्रश्न सोडवावा तर दुसरा बिघडतो. म्हणून आखणी म्हणजे केवळ उत्तर काढणे नव्हे. अनेक उत्तरांचा एकमेकांशी मेळ घालणे होय. तो मेळ कसा घालतात हे आपण क्रमाने पाहू.

पहिला प्रश्न : वायू कशासाठी हवा?

स्वयंपाकाला लागण्यापूर्वी पंगतीला कोण बसणार हे जसे विचारावे लागते, तसे येथेही आहे. अमोनियासाठी केवळ हायड्रोजन व नत्र हवेत आणि तेही ३ भागांस १ भाग ह्या प्रमाणात. कार्बन मोनॉक्साइडचा अंशही तेथे चालत नाही. मिथेनॉल नावाचा मद्यार्क करावयाचा असेल, तर हायड्रोजनाचे २ भाग व कार्बन मोनॉक्साइडचा १ भाग लागतो. फ्रान्झ फिशर व हान्स ट्रॉप्श ह्या जर्मन शास्त्रज्ञांनी १९२० नंतरच्या दशकात दाखविलेल्या रीतीने कृत्रिम तेल करावयाचे असले, तरी प्रमाण जवळजवळ हेच.

हायड्रोकार्बनापासून हा वायू मिळविण्याच्या वाटाही निरनिराळ्या आहेत. वाफेच्या वाटेने गेलो तर एका कार्बन मोनॉक्साइडमागे तीन हायड्रोजन मिळतात. मिथेन अपुऱ्या प्राणवायूत जाळला तर दोन मिळतात. वाफेच्या जागी कार्बन डायऑक्साइड वापरला तर एकच मिळतो. तेव्हा शेवटी काय हवे आहे हे ठरल्यावाचून आरंभ कोठून करावा हे ठरत नाही. ह्या लेखात आपण अमोनियाची वाट धरू, कारण आपल्या देशात ह्या वायूचा फार मोठा उपयोग खतासाठीच होतो.

दुसरा प्रश्न : कच्चा माल कोणता?

ह्या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्राइतकेच भूगोल देतो. जवळ काय मिळते, ते किती काळ मिळेल आणि काय भावाने मिळेल, हे पाहावे लागते. गोव्यात सांकवाळच्या पठारावर १९७३ साली खत कारखान्याचे उत्पादन सुरू झाले, तेव्हा तेथे नैसर्गिक वायू पोहोचण्याचा काही मार्गच नव्हता. म्हणून नॅफ्था, म्हणजे खनिज तेलाच्या शुद्धीकरणात मिळणारे पेट्रोलसारखे हलके द्रव, हा कच्चा माल ठरला. नॅफ्थावर वाफेची क्रिया घडविण्याची रीत इंग्लंडमध्ये १९६० च्या सुमारास परिपक्व झाली होती. पुढे दाभोळहून बंगळुरूकडे जाणारी वायुवाहिनी झाली, तिचा एक फाटा गोव्यात आला आणि २०१३ च्या सुमारास हा कारखाना नैसर्गिक वायूकडे वळला.

पाणिपत व भटिंडा येथील कारखान्यांनी जड इंधन तेल घेतले होते. असे तेल वाफेच्या वाटेने नेता येत नाही. त्यासाठी शुद्ध प्राणवायू लागतो आणि तो हवेतून वेगळा करण्यास निराळा कारखानाच उभारावा लागतो. ते दोन्ही कारखानेही पुढे नैसर्गिक वायूकडे वळले. तेलंगणातील रामगुंडम येथे कोळशापासून वायू करणारा कारखाना होता. तो १९९९ साली बंद पडला आणि त्या जागी नैसर्गिक वायूवर चालणारा नवा कारखाना २०२१ साली सुरू झाला. कच्च्या मालाची निवड चुकली किंवा काळाबरोबर महाग पडू लागली, तर उत्तम यंत्रेही व्यर्थ ठरतात, हे ह्या इतिहासावरून ध्यानात येईल.

गंधकाचे विष

मिथेन व वाफ एकत्र तापविली म्हणून ती आपोआप चटकन संयोग पावत नाहीत. त्यांना निकेल ह्या धातूचे साहाय्य लागते. निकेल स्वतः खर्च होत नाही, पण क्रियेचा वेग फार वाढवितो. अशा पदार्थास उत्प्रेरक म्हणतात, हे तुम्ही शिकला आहातच. निकेलाचे सूक्ष्म कण चिनी मातीसारख्या कणखर पदार्थाच्या छोट्या पोकळ कड्यांवर बसविलेले असतात. कडी पोकळ का? तर वायूला पुष्कळ पृष्ठभाग मिळावा आणि तरीही त्याची वाट अडू नये.

ह्या निकेलाचा एक वैरी आहे, तो म्हणजे गंधक. घरातील स्वयंपाकाच्या गॅसला जो उग्र वास येतो, तो मुद्दाम मिसळलेल्या एका गंधकयुक्त पदार्थाचा असतो. गळती ताबडतोब कळावी यासाठी ती योजना आहे. घरात जे राखणदाराचे काम करते, तेच निकेलाला मात्र विष होते. वायूच्या कोटी कणांत गंधकाचे मोजके कण असले, तरी ते निकेलाच्या पृष्ठभागावर चिकटून बसतात आणि त्याचे काम मंदावते. म्हणून कच्चा माल भट्टीत जाण्यापूर्वी त्यातील गंधक काढून टाकावे लागते. प्रथम थोडा हायड्रोजन मिसळून कोबाल्ट व मॉलिब्डेनम ह्या धातूंच्या उत्प्रेरकावरून वायू नेतात. तेथे निरनिराळ्या गंधकयुक्त पदार्थांचे हायड्रोजन सल्फाइड बनते. मग तो वायू जस्त ऑक्साइडच्या थरातून जातो आणि तेथे गंधक कायमचे अडकते. वैद्यांचे यशदभस्म म्हणजे मुख्यतः हेच जस्त ऑक्साइड होय. नैसर्गिक वायूपेक्षा नॅफ्थात गंधक सहसा अधिक असते, म्हणून नॅफ्थाच्या कारखान्यात ही शुद्धीची व्यवस्था अधिक मोठी ठेवावी लागते.

दाब, उष्णता आणि वाफ यांचा तंटा

आता आपण आखणीच्या गाभ्याशी आलो. ही क्रिया उलटसुलट दोन्ही दिशांनी घडू शकते, आणि ती उष्णता शोषून घेते. १६ ग्रॅम मिथेनाच्या क्रियेस सुमारे २०६ किलोज्यूल उष्णता लागते. शिवाय आरंभी वायूचे २ भाग असतात, शेवटी ४ भाग होतात. ल शातेलिए ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाचा नियम असा की, समतोलावर बाहेरून काही ताण आणला, तर तो ताण कमी होईल त्या दिशेने समतोल सरकतो. ह्या नियमाप्रमाणे उष्णता वाढविली तर आपली क्रिया पुढे जाईल आणि दाब वाढविला तर मागे रेटली जाईल.

मग दाब कमी ठेवावा, हे सरळ उत्तर झाले. पण प्रत्यक्षात अभियंता दाब वातावरणाच्या सुमारे तीसपट ठेवतो! नियमाच्या विरुद्ध जाण्याचे कारण काय? कारण असे की, पुढे अमोनिया करण्यासाठी वायू वातावरणाच्या १५० ते २०० पट दाबावा लागतो. क्रियेआधी मिथेनाचा १ घनमीटर दाबणे आणि क्रियेनंतर संश्लेषण वायूचे ४ घनमीटर दाबणे यांत खर्चाचे अंतर मोठे आहे. पाणी तर द्रवरूपातच पंपाने बॉयलरमध्ये ढकलता येते, त्यास शक्ती फारच थोडी लागते. म्हणून आरंभीच दाब देणे फायद्याचे पडते. भांडीही आकाराने लहान होतात.

परंतु दाबाने क्रिया मागे रेटली गेली, ती भरपाई कोठून करावयाची? एक उपाय म्हणजे उष्णता वाढविणे, आणि दुसरा म्हणजे वाफ गरजेपेक्षा अधिक घालणे. फळ्यावरील हिशेबाने कर्बाच्या एका भागास वाफेचा एक भाग पुरतो. प्रत्यक्षात सुमारे तीन भाग घालतात. ह्या जादा वाफेचे आणखी एक महत्त्वाचे काम आहे. तापलेला मिथेन आपल्याआप फुटून काजळी धरू लागतो. ती काजळी निकेलावर साचली की वायूची वाट अडते, अडलेल्या जागी नळी अधिक तापते आणि तापलेल्या जागी काजळी आणखी वाढते. वाफ भरपूर असली की कर्बाचे कण साचण्याऐवजी वायुरूप होऊन निघून जातात. नॅफ्थाच्या कारखान्यात हे भय अधिक, म्हणून तेथील उत्प्रेरकात पोटॅशसारखा क्षार मिसळण्याची युक्ती योजिली गेली.

पण वाफ फुकट येत नाही. प्रत्येक जादा किलो पाणी उकळावयास इंधन जळते. म्हणजे वाफ कमी केली तर काजळीचे भय, अधिक केली तर इंधनाचा अपव्यय. वाफेचे प्रमाण ठरविताना अभियंता ह्या दोन टोकांच्या मध्ये उभा असतो.

वाफेच्या ह्या महत्त्वातून कारखान्याचा एक कडक शिरस्ता निघाला आहे. सुरू करताना वाफ आधी सोडावयाची, हायड्रोकार्बन मागून. बंद करताना हायड्रोकार्बन आधी थांबवावयाचा, वाफ मागून. आणि चालू असता वाफेचा प्रवाह अकस्मात खंडित झाला, तर माणसाच्या हुकमाची वाट न पाहता हायड्रोकार्बनाचा व्हॉल्व्ह आपोआप बंद झाला पाहिजे. ही व्यवस्था कारखाना उभारल्यावर सुचून चालत नाही. ती आराखड्यातच असावी लागते.

नळ्यांची भट्टी

एवढी उष्णता वायूला द्यावयाची कशी? मोठ्या भट्टीत १० ते १३ मीटर लांबीच्या शेकडो नळ्या उभ्या टांगलेल्या असतात. प्रत्येकीचा आतील व्यास साधारण १० सेंटिमीटर. नळ्यांच्या आत निकेलाची कडी भरलेली असतात व त्यांतून मिथेन आणि वाफ वाहत असते. नळ्यांच्या बाहेर बर्नरांच्या ज्वाळा असतात. वायू बाहेर पडताना त्याची उष्णता ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि नळीची बाहेरची बाजू त्याहूनही १०० अंशांच्या आसपास अधिक तापलेली असते.

साधे पोलाद ह्या उष्णतेत व आतल्या दाबाखाली टिकणे शक्य नाही. म्हणून नळ्या क्रोमियम व निकेल यांचे मोठे प्रमाण असलेल्या मिश्रधातूच्या ओततात. तीही धातू अमर नव्हे. दाबाखाली राहून राहून ती अत्यंत मंदपणे ताणली जाते आणि एके दिवशी तडकते. म्हणून आखणी करतानाच नळीचे आयुष्य ठरवून घेतात. प्रचलित प्रमाण १,००,००० तासांचे, म्हणजे अखंड चालविल्यास ११ वर्षांहून थोडे अधिक आहे. नळी ठरल्यापेक्षा सतत २० अंशांनी अधिक तापत राहिली, तर तिचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते, असा ह्या क्षेत्रातील अनुभव आहे. ८०० - ९०० अंशांपुढे २० अंश म्हणजे काहीच नव्हे असे वाटेल, पण ती एवढीशी चूक पाच वर्षांचे आयुष्य खाऊन टाकते. म्हणूनच भट्टीला छोटे झरोके ठेवलेले असतात. तेथून कामगार नळ्यांचा रंग पाहतो. सगळ्या नळ्या एकसारख्या तांबूस दिसल्या तर ठीक. एखादीवर उजळ पट्टा दिसला, तर आत काजळी धरली असावी किंवा उत्प्रेरक निकामी झाला असावा, असे तो ओळखतो.

इंधनाचा हिशेबही पाहू. १६ ग्रॅम मिथेन जाळल्यास सुमारे ८०० किलोज्यूल उष्णता मिळते आणि तेवढ्याच मिथेनाच्या क्रियेस २०६ किलोज्यूल लागतात. म्हणजे उष्णता मुळीच वाया गेली नाही असे धरले, तरी चार भाग मिथेनाच्या क्रियेसाठी एक भाग मिथेन जाळावाच लागेल. प्रत्यक्षात भट्टीत जळणाऱ्या इंधनाची जेमतेम निम्मी उष्णता नळ्यांच्या आत शिरते. उरलेली धुराबरोबर निघते. तो धूर तसाच धुराड्यात सोडणारा अभियंता दिवाळखोर ठरेल. म्हणून धुराच्या वाटेवर नळ्यांची जाळी बसवून त्याच उष्णतेवर वाफ करतात, आत येणारा वायू व हवा तापवितात आणि निवलेला धूर मग वर सोडतात.

हवा किती घालावी?

भट्टीतून निघालेल्या वायूत, पाण्याची वाफ वगळता, सुमारे १० टक्के मिथेन शिल्लक राहिलेला असतो. तो संपविण्यासाठी उष्णता १,००० अंशांच्या घरात न्यावी लागेल, पण तेवढी उष्णता नळ्यांना सोसणार नाही. येथे अभियंत्याने योजलेली युक्ती खरोखर सुंदर आहे. वायू आतून विटांचे जाड अस्तर असलेल्या दुसऱ्या भांड्यात नेतात आणि तेथे मोजकी हवा सोडतात. हवेतील प्राणवायूने वायूचा थोडा भाग तेथेच जळतो, उष्णता आतच उत्पन्न होते, आणि तिच्या बळावर उरलेला मिथेनही वाफेशी संयोग पावतो. येथे नळ्याच नाहीत, म्हणून नळ्या वितळण्याचे भय नाही. आणि हवेतील नत्र? तो तर अमोनियासाठी हवाच होता! प्राणवायूने भट्टीचे काम केले व नत्र आयताच आत आला.

परंतु ह्या युक्तीने अभियंत्याचे हातही बांधले जातात. हवा किती घालावयाची हे आता त्याच्या मर्जीवर नाही. हायड्रोजनाच्या ३ भागांस नत्राचा १ भाग येईल, तेवढीच हवा घालता येते. हवा ठरली की प्राणवायू ठरला, प्राणवायू ठरला की उत्पन्न होणारी उष्णता ठरली. म्हणून बाकी राहिलेले सारे काम पहिल्या भट्टीनेच उरकले पाहिजे. अशा रीतीने शेवटी लागणाऱ्या अमोनियाचे प्रमाण आरंभीच्या नळ्यांची संख्या ठरविते.

गेलेली वाट परत

दुसऱ्या भांड्यातून निघालेला धगधगता वायू बॉयलरमधून नेऊन निववितात. त्याच्या उष्णतेवर मोठ्या दाबाची वाफ तयार होते आणि तीच वाफ पुढे वायू दाबणारी अवजड यंत्रे फिरविते. आता वायूतील कार्बन मोनॉक्साइडचे काय करावे? तो प्राणघातक तर आहेच. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. पण त्याच्याकडूनही काम करून घेता येते. वाफेशी त्याची क्रिया घडविली की कार्बन डायऑक्साइड होतो आणि आणखी एक भाग हायड्रोजन मोकळा होतो. ही क्रिया उष्णता बाहेर टाकते, म्हणून तिला थंडपणा मानवतो, पण थंडपणात वेग मंदावतो. यासाठी ती दोन टप्प्यांत करतात. प्रथम लोहाच्या उत्प्रेरकावर सुमारे ३५० अंशांस पटापट काम उरकावयाचे, आणि मग तांब्याच्या उत्प्रेरकावर सुमारे २०० अंशांस ते पूर्ण करावयाचे.

नंतर कार्बन डायऑक्साइड विशिष्ट द्रावणात शोषून वेगळा काढतात. तरीही कार्बनच्या ऑक्साइडांचे काही अंश मागे राहतात, आणि अमोनियाच्या लोहमय उत्प्रेरकास ते बाधतात. ते काढण्यासाठी वायू पुन्हा निकेलावरून नेतात, पण ह्या खेपेस सुमारे ३०० अंशांस. तेथे कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांचे मिथेन व पाणी बनते. ही तर आपली पहिलीच क्रिया उलट्या दिशेने! फ्रान्समध्ये पॉल साबात्ये व साँदराँ यांनी ही उलटी वाट १९०२ साली दाखविली होती. धातू तोच, पदार्थ तेच. केवळ उष्णता बदलली आणि दिशा फिरली. ल शातेलिएच्या नियमाचे याहून स्पष्ट उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

सात आणि आठ

ह्या साऱ्या साखळीचा आदर्श ताळेबंद असा मांडता येतो :

मिथेन ७ भाग + वाफ १० भाग + हवेतील नत्र ८ भाग व प्राणवायू २ भाग → अमोनिया १६ भाग + कार्बन डायऑक्साइड ७ भाग

वहीत अणू मोजून पाहा. दोन्ही बाजू तंतोतंत जुळतील. हवेत नत्राच्या ४ भागांस प्राणवायूचा १ भाग असतो, तेही प्रमाण येथे बरोबर उतरले आहे.

आता युरियाचा विचार करा. अमोनियाच्या २ भागांस कार्बन डायऑक्साइडचा १ भाग लागतो. म्हणजे अमोनियाच्या १६ भागांस ८ भाग हवेत आणि आपल्याजवळ आहेत ७! नॅफ्थाची गोष्ट निराळी. नॅफ्थात कर्बाच्या एका अणूमागे हायड्रोजनाचे सुमारे दोनच अणू असतात, मिथेनात चार. त्यामुळे तेवढाच अमोनिया करताना नॅफ्थापासून कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ९ भाग निघतात आणि युरियास लागणारे ८ भाग देऊन एक भाग उरतो. कच्चा माल बदलला की एका टोकाची विपुलता दुसऱ्या टोकाची टंचाई होते, ती अशी. म्हणून नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या आपल्या देशातील काही कारखान्यांनी भट्टीच्या धुराड्यातील धुरातूनच कार्बन डायऑक्साइड गोळा करण्याची व्यवस्था केली आहे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. युरियात बांधलेला कार्बन डायऑक्साइड कायमचा बांधलेला नसतो. शेतात युरिया फुटला की तो पुन्हा हवेत जातो. वरील ताळेबंदावरून हिशेब केला, तर प्रत्येक टन अमोनियामागे १.१ टनाहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड ह्या साखळीतच निघतो. भट्टीत जळणाऱ्या इंधनाचा त्याहून वेगळा. पृथ्वीची हवा तापत चालली आहे, त्यात ह्या वाट्याचाही भाग आहे. आणि दुसऱ्या बाजूस कोट्यवधी लोकांचे अन्न ह्याच खतावर पिकते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी लपविणे शास्त्राला शोभणारे नाही.

म्हणूनच आज हायड्रोकार्बनांऐवजी पाण्यातून, विजेच्या साहाय्याने हायड्रोजन काढण्याच्या योजना चालू आहेत. ही कल्पना अगदी नवी नव्हे. पंजाबातील नांगल येथे भाक्रा धरणाच्या विजेवर पाण्याचे विघटन करून खत करणारा कारखाना १९६१ साली सुरू झाला होता. पण त्या वाटेवरही प्रश्न आहेतच. वीज कोठून आणावी? सूर्य मावळल्यावर कारखाना कसा चालावा? कार्बन डायऑक्साइडच निघाला नाही, तर युरिया कशापासून करावा?

हे प्रश्न कोणीतरी पुन्हा एकदा कागदावर मांडील, पुन्हा एकेक उत्तर दुसऱ्याशी ताडून पाहील, आणि त्यातून नव्या कारखान्याचा आराखडा तयार होईल. तो माणूस आज एखाद्या शाळेत नववी-दहावीच्या वर्गात बसलेला असणे मुळीच अशक्य नाही. त्याने एवढेच ध्यानात ठेवावे की, समीकरण पाठ होणे ही सुरुवात आहे. त्यातील प्रत्येक बाणाखाली उष्णता, दाब, धातू, पैसा आणि माणसांची सुरक्षितता यांचा हिशेब दडलेला असतो, आणि तो हिशेब एका खेपेत जुळत नाही. पेन्सिल व खोडरबर दोन्ही जवळ ठेवूनच तो करावा लागतो.